चुलीवर टांगलेलं हेल्मेट

प्लॅस्टिक मरताना आवाज करतं, आणि त्या आवाजावरून ते कसं मेलं ते कळतं. हे वाक्य माझं नाही, त्याचं आहे. तो गेला आणि वाक्य माझ्याकडे राहिलं.

नवापूरच्या बाजूला एका कारखान्यात मी कित्येक वर्षं प्लॅस्टिक तोडायचं काम करते. नातेवाइकांना वाटतं मी थट्टा करते. पण मला पगार मिळतो तो खरोखरच मोडतोडीचा. हेल्मेटची कवचं, क्रेट, गाड्यांचे बंपर, जे जे साच्यातून बाहेर पडतं त्याचे बोटभर तुकडे आमच्या टेस्टिंगच्या खोलीत येतात. तुकड्याला खाच पाडायची, शिकंज्यात उभा करायचा आणि वरून लोखंडी लोलक सोडायचा. आम्ही त्याला हातोडाच म्हणतो. तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती वर जातो ते काट्यावर बघायचं. थोडाच वर गेला, तर तुकड्याने त्याचा जोर खाल्ला, म्हणजे माल चिवट. सणकून वर गेला, तर माल ठिसूळ.

चिवटपणा येतो रबराने. नुसतं कडक प्लॅस्टिक काचेच्या जातीचं असतं, म्हणून त्यात रबराचे डोळ्याला न दिसणारे कण मिसळतात, साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचा कूट मिसळावा तसे. भेग धावत आली की हे कण तिला आडवे येतात. एकेका कणापाशी तिचा दम संपतो आणि ती जागा पांढरी पडते. म्हणून तुटलेल्या तुकड्याची कड पांढरीफटक असली की समजायचं, हा सहजासहजी गेला नाही. कड स्वच्छ, चकचकीत असली की समजायचं, आत अडवणारं कोणी नव्हतंच.

आणि हे सगळं हवेवर चालतं. आमच्याकडे मे महिन्यात दगड तापतात, तेव्हा तोच तुकडा मऊ पडतो, वाकतो, तुटत म्हणून नाही. थंडीत तोच आखडतो आणि चिडका होतो. तरी चांगल्या मालातलं रबर आमच्या डोंगरातल्या थंडीला भीत नाही, ते त्याहून फार खालच्या थंडीपर्यंत तग धरतं. रबराला खरा मारतो तो रोजचा शेक. तापवायच्या पेटीत तुकडे आठवडेच्या आठवडे ठेवले की दिसायला तसेच राहतात, जरा पिवळट होतात इतकंच. पण आतलं रबर वाळून गेलेलं असतं. घरात जुन्या गठ्ठ्याला लावलेलं रबरबँड ओढायला जावं आणि तुटून हातात यावं, तसं. असा शेकलेला तुकडा मग गार करून हातोड्याखाली धरला, की ‘टच्’. एवढाच आवाज येतो.

तो माझा या कामातला जोडीदार. मोलगीच्याही वरचा, डाबच्या बाजूच्या एका पाड्यावरचा भिल्ल. घरी भिली बोलायचा, साहेबांशी मराठी आणि आम्हा खालच्या लोकांशी अहिराणी. तिन्ही भाषांत त्याची जीभ सारखीच तिखट. मी मूळची ब्राह्मणपुरीची, शेतीवाडीवाल्यांची लेक, आणि माझ्या तोंडाला कुणी लागत नाही असा माझा लौकिक होता. त्याने तो पहिल्याच आठवड्यात धुळीला मिळवला. तुकडा पांढरा पडून तुटला की तो उचलून माझ्यापुढे नाचवायचा. “ताई, दखा, कसा धवया पडना! लढना बरं गडी.” आणि चकचकीत तुटला की काहीच न बोलता डब्यात टाकायचा. मेलेल्याबद्दल बोलू नये, अशी त्याची रीत होती.

आठवडाभर तो विसरवाडीला आमच्या घरामागच्या खोलीत राहायचा. शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलने घरी जायचा आणि सोमवारी पहाटे निघून थेट कामावर हजर व्हायचा. हेल्मेट मात्र न चुकता घालायचा. कवच आमच्याच साच्यातलं होतं, आम्हीच तपासून पास केलेल्या मालातलं. “आपण तोडेल शे, म्हणजे आपला भरोसा शे,” असं त्याचं गणित.

पौषातल्या एका सोमवारी तो आला नाही. डाबच्या बाजूला तेव्हा पहाटे गवतावर दव गोठतं. देवगोईच्या घाटात वळणावर वाळू सांडली होती, तिच्यावरून चाक घसरलं आणि डोकं कठड्याच्या दगडावर गेलं. वेग फारसा नव्हता. गाडीला खरचटलं होतं फक्त. हेल्मेटचे मात्र सरळ दोन भाग झाले, आणि तो जागीच गेला.

बातमी दुपारी आली. गार करायच्या पेटीत त्याने शनिवारी ठेवलेले तुकडे होते. सोमवारी आल्या आल्या तोडू म्हणाला होता. ते काढायला माझा हात धजेना. दोन दिवसांनी साहेब म्हणाले, काम खोळंबलंय, तोडून टाका. मी पेटी उघडली. तुकडे त्याने नेहमीसारखे ओळीने मांडले होते, खाचा सगळ्यांच्या एका बाजूला. एकेक तोडत गेले. तुकडे पांढरे पडत होते, चांगला माल होता, आणि मी प्रत्येक वेळी मान वळवून बघत होते, तो काही म्हणतो का.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. कुणी अंगात आणायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. पण तेव्हापासून तो आवाज माझ्या मागे लागला. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे पिळला की टच्. गार ओट्यावर बांगडी आपटली की टच्. टेस्टिंगच्या खोलीत त्याचं स्टूल तसंच ठेवलं होतं, आणि हातोडा सोडताना डोळ्याच्या कोपऱ्यात त्या स्टुलावर कुणीतरी पुढे वाकून कड बघतंय असं वाटायचं. मी कधी नीट वळून बघितलं नाही. मला भीती वाटायची, असेल याची नाही, नसेल याची.

माझ्या मनात एकच प्रश्न फिरत होता. आमचा माल असा फुटत नाही. मग तो का फुटला?

होळी झाल्यावर एके दिवशी कामावर असतानाच माझ्या फोनवर त्याचं नाव उमटलं. फोन त्याच्या बायकोचा होता, त्याच्या नंबरवरून. ती आश्रमशाळेत शिकलेली, मराठी स्वच्छ बोलते.

“ताई, तुम्ही एकदा वर या,” ती म्हणाली. “हेल्मेट बघायचंय तुम्हाला. हिवाळ्यात शनिवारी घरी आले की दोन्ही रात्री मी ते चुलीवर टांगायची, निघताना त्यांना गार लागू नये म्हणून. पाच हिवाळे टांगलं. त्याने झालं का, ते सांगा.”

मी म्हटलं, येते.

आईला कळल्यावर ती फोनवर कडाडली. “मरेल मानूसना घर तू काय सांगाले जाई ऱ्हायनी? ती बिचारीले आखो रडावशी.” तिचं चुकत नव्हतं. नंदुरबारहून अक्कलकुव्याला आणि तिथून वर जीपमध्ये चेंगरून जाताना मी एकच गोष्ट घोकत होते. कड कशीही असो, आपण सांगायचं, चुलीचा काही संबंध नाही. गेलेला परत येत नाही. जिवंत बाईच्या गळ्यात आयुष्यभराचा धोंडा कशाला बांधायचा? देवगोईचा घाट आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

ती फाट्यावर उभी होती. लहानखुरी, अंगावर जुनी साडी, डोळे कोरडे. चहापाणी काही नाही, थेट म्हणाली, “आधी तिकडे जाऊ.”

त्यांच्यात माणूस पुरला की त्याच्या वस्तू त्याच्यापाशीच ठेवतात. त्याची खाट, ताटली, कांबळं, हत्यारं. एकदा दिलं ते दिलं, परत घरात आणायचं नाही, हात लावायचा नाही. पळसाच्या झाडांखाली त्याची खाट उलटी घातली होती, पाय आभाळाकडे. शेजारी ॲल्युमिनियमची ताटली, चपला, कामावरचा निळा शर्ट दगडाखाली दाबलेला. आणि हेल्मेटचे दोन भाग, फोडलेल्या नारळासारखे उताणे.

मी गुडघ्यावर बसले आणि हात पाठीमागे धरून वाकले. ऊन चांगलं कडक होतं, कड स्पष्ट दिसत होती. कुठेही पांढरं नव्हतं. एक ठिपकाही नव्हता. टाळूचा भाग, जो चुलीकडे असायचा, तपकिरी झाला होता, त्यावर बारीक जाळी पडली होती, आणि भेग तिथूनच सुटून दोन्ही बाजूंनी खाली गेली होती. पाठीमागच्या, धूर न लागलेल्या पट्टीवर आल्यावर कुठे तिची कड जराशी दुधट झाली होती. तेवढ्यात रबर जिवंत होतं. बाकी सगळीकडे ते कधीच मेलेलं होतं, आणि तो ते डोक्यावर घालून फिरत होता.

मला रडू फुटलं. मी रडणारी बाई नाही, पण तिथे मला आवरेना. तो माझ्या खांद्यावरून वाकून ती कड बघतोय आणि काहीच बोलत नाहीये, असं इतकं लख्ख वाटलं की मी मागे सरकून त्याला जागा करून दिली.

घरी आलो. कुडाच्या भिंतीचं, मोठ्या अंगणाचं घर. आत चूल, चुलीवर आडवा बांबू, त्यावर बियाण्याची मक्याची कणसं धुरात टांगलेली, कीड लागू नये म्हणून. कणसांच्या मधोमध एक तारेचा आकडा रिकामा होता. मी त्याच्याकडे बघतेय हे तिने बघितलं.

“सांगा,” ती म्हणाली.

मी तयारीत होतेच. म्हटलं, “नीट बघितलं मी. चुलीचा काही संबंध नाही. दगडाचा मारच तसा होता. तू मनाला लावून घेऊ नको.”

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. तिचं तोंड पांढरं पडलं.

“असं नका सांगू, ताई,” ती म्हणाली. “चुलीनेच झालं असं सांगा. माझे सासरे आत्ता येतील, त्यांच्यापुढे सांगा. त्यासाठीच बोलावलं मी तुम्हाला.”

मग तिने समोरच्या झोपडीकडे बोट केलं. तिथे दारात एक म्हातारी बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. ती त्याची चुलती, विधवा, मूलबाळ नाही. त्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी ती विस्तव मागायला आली होती. मोठी थट्टेखोर बाई. तिने आकड्यावरचं हेल्मेट काढलं, स्वतःच्या डोक्यात घातलं आणि अंगणात नाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. तोही हसला. सकाळी तो गेला, आणि हेल्मेट असं फुटलं की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. गाडीला काही नाही, दगडाला काही नाही, मग हे असं कसं फुटलं? दिवस गेले तसं कुणी बोललं, म्हातारीचा हात लागला होता. मग सगळेच बोलू लागले. आता तिच्याकडे कुणी जात नाही, तिच्या घरचा विस्तव कुणी घेत नाही. डाकीण हा शब्द अजून उघड निघाला नव्हता, पण ओठांवर आला होता.

“ते तोंडातून निघालं की मग काही हातात राहत नाही,” ती म्हणाली. “लहानपणी ती माहेरी यायची तेव्हा मला तिनेच न्हाऊ घातलंय, ताई. मी तिच्या माहेरच्याच पाड्यावरची आहे. ती वाईट नाही.”

मला स्वतःचा राग आला. एवढ्या लांबून मी हिची सुटका करायला आले होते, आणि हिला सुटका नकोच होती. आणि हे लोक असे, असं म्हणायचीही मला सोय नव्हती. आमच्या ब्राह्मणपुरीत माझ्या पहिल्या बाळंतपणात आईने एका शेजारणीला महिनाभर उंबरा चढू दिला नव्हता, नजर लागते म्हणून. ती शेजारीण अजून माझ्याशी जपून बोलते.

सासरे आले. उंच, वाळलेले, हातात कोयता. त्यांना मराठी फार येत नाही. ती म्हणाली, तुम्ही बोला, मी त्यांना सांगते. म्हणजे माझं बोलणं तिच्याच तोंडून जाणार होतं.

मी बोलले. साहेबांपुढे कधी बोलले नसेन इतकं सावकाश बोलले. हेल्मेटच्या प्लॅस्टिकमध्ये रबर असतं. रबर भेगेला अडवतं. पुन्हा पुन्हा चुलीवरचा शेक लागला की ते वाळतं, दिसत मात्र नाही. पाच हिवाळे शेकलं. मग त्या दिवशी घराबाहेर पडल्यावर थंडीने आखडलं, आणि जिथे शेक लागला होता तिथूनच फुटलं. एरवी निदान भेग अडली असती. म्हातारीने ते घातलं काय न घातलं काय, हेल्मेटचं मरण आधीच ठरलेलं होतं.

ती एकेक वाक्य भिलीत सांगत गेली. मला शब्द कळत नव्हते. पण ‘शेक लागला’ असं मी म्हणाले तेव्हा तिचा हात चुलीकडे गेला आणि मग स्वतःच्या छातीवर. मी ते बोलले नव्हते. तिने पदरचं घातलं होतं.

म्हातारबाबा खूप वेळ आकड्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, मग मागच्या हिवाळ्यात का नाही फुटलं? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, दर हिवाळ्यात थोडं थोडं मेलं, आणि मागच्या हिवाळ्यात तो पडला नव्हता. त्यांनी आणखी विचारलं, आणि ऊन? गाडीवर उन्हात राहायचं, त्याचं काय? मी म्हटलं, उन्हानेही मेलं असेल. पण भेग तपकिरी जागेतून सुटली, ती जागा धुराची आहे. त्यांनी मान हलवली. मुलाने त्यांना घरी येऊन हे सगळं कधीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी बोटाने हवेत एक रेघ ओढली आणि मध्येच थांबवली, अडलेल्या भेगेसारखी.

मग ते उठले, फुटक्या मडक्याची खापरी घेतली आणि अंगण ओलांडून समोरच्या झोपडीत गेले. पाड्यावरच्या बायका दारांत येऊन बघत होत्या. ते बाहेर आले ते खापरीत निखारे घेऊन. मधोमध अंगणात उभं राहून त्यांनी त्या निखाऱ्यावर बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि उरलेले निखारे आपल्या चुलीत ओतले. म्हातारी दारातून हलली नाही. तिने फक्त पदर तोंडावर घेतला.

सुनेकडे त्यांनी बघितलंही नाही. तिने भाकरीचं पीठ काढलं आणि चुलीपुढे बसली. आम्ही जेवलो. भाकरी, उडदाची डाळ, वर लाल मिरचीचा ठेचा.

शेवटच्या जीपची वेळ झाली तेव्हा ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. अर्धी वाट ती पुढे आणि मी मागे. एकाएकी ती थांबली. माझ्याकडे न वळताच म्हणाली, “ताई, नंतर सांगितलंत ते सासऱ्यांसाठीच ना? आधी बोललात तेच खरं ना?”

वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी तुकडे तोडले. तुटलेल्या कडेबद्दल कुणाशी खोटं बोललो नाही, साहेबांचा कितीही दट्ट्या असला तरी. त्या दिवशी एकदा खोटं बोलून झालं होतं. आता ‘हो’ म्हणणं सोपं होतं. हिच्यासाठी ते म्हणायची माझी पूर्ण तयारी होती. पण माझ्या मागे तो उभा होता, नेहमीसारखा पुढे वाकून.

“नाही गं,” मी म्हणाले. “नंतरचं.”

जीपचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मग तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली.

“सकाळी घातलं की हसायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, डोक्यावर कुणाचा तरी हात आहे असं वाटतं.”